पत्रात नसलेलं वाक्य

इस्रायल आणि पॅलेस्टाइनचं भांडण कसं मिटवावं, याबद्दल ज्या माणसाचं मत मी सगळ्यात आधी ऐकलं तो खांब गावचा होता. पुढं आयुष्यभर रेडिओवर, पेपरात, टीव्हीवर मोठमोठ्या लोकांची मतं ऐकली. खांबच्या माणसाचं मत मला अजूनही त्यातल्या निम्म्यांपेक्षा बरं वाटतं, आणि तेच तर दुखणं आहे. नुसता लबाड असता तर मी त्याला केव्हाच विसरून गेले असते.

ते रोहा तालुक्याच्या पंचायत समितीचे सभापती होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत, आम्हीही म्हणायचो. सभापती होण्याआधी आणि झाल्यावरही त्यांचा खरा उद्योग एकच, बांध मिटवणं. आमच्याकडे दोन भावांत वैर पडतं ते बहुतेक भातशेताच्या बांधावरून. एकानं नांगरताना वीतभर आत घेतलं, दुसऱ्यानं खुंट हलवला, की दोन पिढ्या बोलणं बंद. मग भाऊंना बोलावणं जायचं. ते चपला हातात घेऊन चिखलातून बांधावर जाऊन उभे राहायचे, दोन्हीकडच्या शिव्या खायचे आणि शेवटी असा काही निवाडा द्यायचे की दोघंही कुरकुरत घरी जायचे.

"दोघं हसत गेले तर समजायचं, एकाला फसवलाय," ते म्हणायचे. "दोघं कुरकुरत गेले म्हंजे बांध टिकनार."

तेच औषध ते त्या लांबच्या देशालाही लावायचे. पेणला कामानिमित्त आले की रामवाडीतल्या आमच्या घराच्या ओटीवर त्यांची बैठक असायची. आईच्या हातचा चहा घेत ते बाबांना सांगायचे, "तिकडं अडचन काय हाय, सांगू? तिकडं पंच नाय कोन. नुसते वकील गेलेत. जो तो आपापल्या भावाचा वकील. मधे उभा ऱ्हाऊन शिव्या खानारा मानूस कोन धाडीतच नाय."

बाबा मान डोलवायचे. आई आतून भांडी जरा जोरात ठेवायची. तिला भाऊंचा राग होता, आणि त्याला कारण होतं.

आम्ही तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आम्ही धर्मानं ज्यू, स्वतःला इस्रायली म्हणतो. कोकणात आम्ही कधी आलो ते कुणालाच धड सांगता येत नाही, पण घरात मराठीशिवाय दुसरी भाषा कुणाला येत नव्हती. प्रार्थनेपुरतं हिब्रू, तेही निम्मं अर्थ न कळता. घाणा आजोबांबरोबर संपला. बाबा गिरणीचे फिटर झाले. पेणच्या पोह्यांच्या गिरण्या आणि थेट रोह्यापर्यंतच्या भाताच्या गिरण्या त्यांच्या हाताखालून जायच्या. हत्यारांची पेटी घेऊन ते एस.टी.नं फिरायचे आणि परत आले की त्यांच्या भुवयांवर कोंडा असायचा.

माझ्या लहानपणी आमची माणसं एकेक करून तिकडे, इस्रायलला चालली होती. आज या घराला कुलूप, पुढच्या महिन्यात त्या घराला. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आठच जमले की बाबा उंबऱ्यात उभे राहून रस्त्याकडे बघत बसायचे. मी सहा वर्षांची असताना माझे धाकटे काका, काकी आणि चुलत भाऊ गेले. बाबांचेही कागद भरून तयार होते. आईनं दोन ट्रंकांना रंगसुद्धा दिला होता.

तेव्हा भाऊ आले आणि दोन तास बसून राहिले. "जाशील तर लढाईला एक घर वाढंल," ते म्हणाले. "हितं ऱ्हायलास तर मी चार लोकांना दाखवू शकतो. हा बघा तेली आनि हा बघा गिरनीवाला मुसलमान. दोघं एका बाकावर चा पितात. तिकडच्यांनी हे बघाया पायजे. कोनी काय बोललं तर मी हाय ना."

बाबा राहिले. काकांना बंदरावर सोडून आले, आणि त्या रंगवलेल्या ट्रंकांत आई पुढं तांदूळ ठेवायला लागली.

गिरणीवाला मुसलमान म्हणजे रोह्याचे चाचा. त्यांची भाताची गिरणी होती आणि बाबा त्यांचं काम लग्नाच्या आधीपासून बघायचे. काम झालं की गिरणीच्या दाराशी एका लांब बाकावर दोघं बसायचे. चहा, नानकटाई, आणि कुणाच्या मुलाला कुठं नोकरी लागली असल्या गप्पा. सुटीत मीही बाबांबरोबर जायचे. चाचा माझ्यासाठी गिरणीतून बारीक कणी काढून ठेवायचे, आई त्याची खीर करायची.

मी नववीत असताना तिकडे ते सहा दिवसांचं युद्ध झालं. माझा चुलत भाऊ एकोणीस वर्षांचा होता आणि फौजेत होता. तो जिवंत आहे की नाही याची महिनाभर खबर नव्हती. पेणमध्ये मात्र लोक बाबांना रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. ज्यांना तो देश नकाशात दाखवता आला नसता ते म्हणायचे, "काय झोडपलं तुमच्या लोकांनी!" शेजारच्या आळीतले एकजण तर पेढे घेऊन आले. बाबांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही, ठेवायला जागाही सापडेना. शेवटी तो खिशात गेला आणि आईला धुताना सापडला.

भाऊंना हे कळलं तेव्हा ते पेणला एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात सगळ्यांदेखत म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात मयत पडलाय आनि तुम्ही पेढे वाटता? तुमचा कोन गेलाय का कोन आलाय?" त्या गर्दीत त्यांचे मतदार नव्हते हे खरं, पण त्यांची कामं करणारे व्यापारी होते. तरी बोलले. त्या दिवशी ते मला फार मोठे वाटले. वर्गात निबंध लिहायला सांगितला असता तर मी त्यांच्यावर लिहिला असता.

रोह्यात उलटं झालं. बाबा चाचांच्या गिरणीवर गेले, पट्टा बदलला, काम संपलं. चाचा नीट बोलले, कामाबद्दल विचारपूस केली. पण दाराशी बाक नव्हता. आत नेऊन ठेवला होता. बाबा हात धुऊन पेटी घेऊन निघाले. पुढच्या खेपेलाही बाक आतच. घरी येऊन बाबांनी आईला सांगितलं, "बाक काढलाय." तेवढंच सांगितलं, आणि जेवायला बसले नाहीत.

मग काकांचं पत्र आलं. चुलत भाऊ सुखरूप होता. आई देवाचं नाव घेऊन रडली. पत्र लांब होतं. काका तिकडे दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या गावात सुतारकाम करायचे आणि त्यांच्याबरोबर एक अरब सुतार होता. त्याची बहीण एकोणीस वर्षं सरहद्दीच्या पलीकडे होती. युद्ध संपल्यावर तो तिला भेटून आला आणि दोन दिवस कामावर नुसता बसून राहिला. काकांनी लिहिलं होतं, 'मी माझ्या डब्यातली भाकरी त्याच्यापुढे केली. त्याने अर्धी घेतली. आम्ही काही बोललो नाही. काय बोलायचं, दादा? त्याचं गाव उरलं नाही, आपलं पेण लांब. दोघांनाही आता इथेच राहायचं आहे हे मला कळतं. त्यालाही कळत असेल. आपला मुलगा घरी आला म्हणून मी रोज देवाचे आभार मानतो आणि त्याच वेळी मला त्याच्या बहिणीची आठवण होते.'

माझ्या बाबांना काका दादा म्हणायचे.

बाबांनी ते पत्र भाऊंना वाचून दाखवलं. भाऊंनी डोळे पुसले, खरोखर पुसले, मी समोर होते. म्हणाले, "हेच. मी दहा वर्षं काय बोंबलतोय, ते ह्यानं भाकरीत सांगितलं." रोह्यात शांततेची सभा घ्यायची, दोन्हीकडच्या लोकांना बोलवायचं आणि हे पत्र वाचायचं असं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. बाबांनी एकच अट घातली. वाचायचं, पण छापायचं नाही. काकांचं नावही घ्यायचं नाही. भाऊंनी बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "माझ्या पोटात ऱ्हाईल."

काकांचं अक्षर कोंबडीचे पाय. म्हणून मी वहीच्या पानांवर त्या पत्राची स्वच्छ नक्कल केली. दोन दुपारी लागल्या. एक शब्द सोडला नाही, एक वाढवला नाही. नक्कल बाबांकडे दिली. त्यांनी ती भाऊंकडे पोचवली.

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात झाली, कारण बाहेर पाऊस होता. ओल्या छत्र्या भिंतीला टेकवलेल्या, पुढं चाचा आणि त्यांच्याकडची वडीलधारी मंडळी, खांब-कोलाडकडचे शेतकरी, धरमतरच्या खाडीवरून आलेले चारदोन मिठागरवाले, आणि पहिल्या बाकावर बाबा. मी बायकांत मागे बसले होते. भाऊ उभे राहिले. बांधाचं बोलले, पंचाचं बोलले, लोक हसले. मग त्यांनी पत्र काढलं. मी माझं अक्षर ओळखलं आणि मला फार अभिमान वाटला. ते वाचत होते आणि मी ओठ हलवत होते, कारण मला पाठ होतं.

त्याच्या बहिणीची आठवण होते, इथं पत्र संपत होतं. भाऊ थांबले नाहीत. त्यांनी पुढं वाचलं, "माझा मुलगा त्या फौजेत होता, याची मला बाप म्हणून लाज वाटते."

माझे ओठ तसेच राहिले. हे पत्रात नव्हतं. मी शप्पथ घेऊन सांगितलं असतं की नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. ते खाली बघत होते. टाळ्या पडल्या, कुणीतरी वा वा म्हणालं, भाऊंनी कागद घडी करून खिशात ठेवला. सभा सुटल्यावर चाचा बाबांजवळ आले. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले आणि हळू म्हणाले, "पत्र झ्याक होता. त्या भाकरीनं मला रडवला. पन शेवटची गोष्ट मी मानीत नाय. कोनचा बाप पोराबद्दल असा लिवनार नाय." बाबांची मान आणखी खाली गेली. मला वाटलं, भाऊंच्या खोटेपणाची त्यांना लाज वाटतेय.

पुढच्या खेपेला गिरणीच्या दाराशी बाक होता.

आणि पंधरा दिवसांत ते पत्र रोह्याच्या एका साप्ताहिकात छापून आलं. काकांच्या नावासकट, त्या वाक्यासकट. वाक्य तर ठळक अक्षरात. पुढच्या निवडणुकीत तेच पान वेगळं छापून मुसलमान मोहल्ल्यात घरोघर वाटलं गेलं. भाऊ पुन्हा निवडून आले.

तिकडे गेलेली आमची माणसं मराठी विसरली नव्हती. कुणीतरी ते कात्रण पाकिटात घालून पाठवलं आणि ते त्यांच्या प्रार्थनेच्या जागी हातोहात फिरलं. काकांशी लोक बोलेनासे झाले. चुलत भावानं ते वाचलं. तो मराठी वाचू शकत होता, पेणच्याच शाळेत शिकला होता. काकांचं पत्र आलं ते एवढंसं. 'दादा, तो आता माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्या गावी राहायला गेला. तुझ्या घरातून हे निघालं. मी असं कधी लिहिलं?' खाली सही नव्हती. त्यानंतर पत्रं बंद.

मी पंधरा वर्षांची होते आणि मला सगळं स्पष्ट दिसत होतं. भाऊंनी टाळीसाठी वाक्य घुसडलं, मतांसाठी छापलं, आणि माझ्या बापाचा भाऊ तोडला. बांध मिटवणाऱ्यानं आमच्याच घरात खुंट हलवला होता. मी बाबांना म्हटलं, जा आणि जाब विचारा. बाबा म्हणाले, "झालं ते झालं." मी म्हटलं, काकांना लिहा की वाक्य तुमचं नाही. बाबा पेटी उचलून कामावर गेले.

आमचा दारफळणीचा सण असतो. दारं लावून, उपास करून, वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडी, गोरगरिबांना द्यायचं, ओळखीपाळखीच्यांनी भेटायला यायचं. भाऊ दर शिळ्या सणाला यायचे, त्या वर्षीही आले. आईनं नारळाच्या दुधातला हलवा केला होता. भाऊ ओटीवर बसले आणि मला म्हणाले, "बाय, हलवा दे गो." मी म्हटलं, "संपला." ताट समोर भरलेलं होतं. बाबांनी उठून स्वतः वाटीत वाढून दिला, वर माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. आयुष्यात तेवढी एकच. भाऊ म्हणाले, "मारू नको रं तिला," आणि खाली मान घालून हलवा खाल्ला. मला त्या दोघांचीही किळस आली, पण जास्त भाऊंची.

नंतरची सगळी वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. शिक्षिका झाले, लग्न झालं, पेणमध्येच राहिले. शाळेत ते पाहुणे म्हणून आले की मी त्या दिवशी रजा टाकायची. आणि काकांना पत्रं लिहीत राहिले. वर्षातून दोन, कधी तीन. दर पत्रात तेच. काका, बाबांनी काही केलं नाही. नक्कल माझ्या हातची होती, वाक्य त्यात नव्हतं, ते सभापतींनी आपल्या पदरचं घातलं. बाबांना तुमच्याविना करमत नाही. उत्तर येत नसे. तरी लिहायची. माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं, तू कुणासाठी लिहितेस? मी म्हटलं, न्यायासाठी. असले शब्द तेव्हा मला सहज यायचे.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी कळवलं. आणि काका आले. इतक्या वर्षांनी, काठी टेकत, अंगात जाड कोट, पेणच्या उकाड्यात. बाबांच्या खाटेशी आले आणि काठी टाकून त्यांनी बाबांचे पाय धरले. मोठ्यानं रडत म्हणाले, "दादा, मी तुझ्यावर संशय घेतला. पोरीनं मला सगळं लिहिलं. मला माफ कर. इतकी वर्षं मी तुला चोर समजलो."

बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे रे."

मी दारात उभी होते. वाटलं, आपल्या आयुष्यात एक गोष्ट तरी आपण नीट केली. बाहेर जाऊन रडले. काका तीन आठवडे राहिले. दोघं एका उशीला डोकी लावून जुन्या गोष्टी बोलत पडायचे. चुलत भाऊ मात्र आला नव्हता. त्याचं आणि काकांचं बोलणं थोडंबहुत सुरू झालं होतं, पण ते पहिल्यासारखं कधी झालंच नाही, असं काकांनी मला सांगितलं. काका परत गेले आणि पुढच्या महिन्यात बाबा गेले.

रोह्यात त्यांची शोकसभा झाली. भाऊ आले होते. ऐंशीच्या पुढचे, दोन माणसांच्या आधारानं. उभे राहिले आणि पुन्हा तेच पत्र. कागद नव्हता, तोंडपाठ. भाकरी, बहीण, आणि शेवटी तीच लाज. मी भर सभेतून उठून गेले. दुसऱ्या रविवारी सकाळी एस.टी. पकडून खांबला त्यांच्या घरी धडकले. आज याला सोडायचं नाही असं ठरवून गेले होते.

ते पडवीत खुर्चीवर होते. मी बसले नाही. म्हटलं, "भाऊ, माझे वडील गेले. आता तरी कबूल करा. ते वाक्य तुमचं होतं. काका जिवंत आहेत, त्यांच्या मुलाला दोन ओळी लिहून द्या."

त्यांनी सुनेला हाक मारून ट्रंकेतलं एक गाठोडं आणायला सांगितलं. बांधांचे जुने कागद, पंचनामे, आणि त्यात माझ्या वहीची चार पानं. माझं नववीतलं गोल अक्षर. शेवटच्या ओळीखाली जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ. बाबा तसल्याच पेन्सिलीनं गिरणीतल्या फळ्यांवर खुणा करायचे. लाज या शब्दातला ज त्यांचाच होता, पोट फुगलेला. ते अक्षर मी माझ्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं सहीत पाहिलेलं.

"हातात दिला तेव्हाच ती ओळ होती," भाऊ म्हणाले. "मी विचारलं, हे भावानं लिवलंय? तुझा बाप बोलला, लिवलं नाय, पन मनात असनार. रोह्यात मला परत बसाया पायजे, भाऊ, असं बोलला. मला कळलं. मी वाचलं. टाळी मला पन पायजे होती."

"आणि छापलं?"

"ते माझं पाप. शब्द दिला होता, मोडला. ते मी नाय म्हनत नाय. वाक्य माझं नव्हतं."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"भावाचं पत्र आलं तवा तुझा बाप हितं आला होता. बोलला, पोर तुमच्यावर संशय घेतेय. घेऊ दे, बोललो. बापापरीस माझ्यावर घेतलेला बरा. पंचानं शिव्या खायच्या असतात, बाय."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्ही पंच नव्हता, भाऊ. पंच मतं मागत नाही. माझ्या बापाचा भाऊ तोडून त्याची पत्रकं वाटत नाही." ते म्हणाले, "व्हय. तेबी खरं." तो माणूस वाद घालता तर मला बरं वाटलं असतं.

परतीच्या एस.टी.त मी ती पानं मांडीवर घेऊन बसले होते. मला भाऊंचा राग येत होता, पण तो जुना, ओळखीचा होता. नवा राग होता तो कुठं ठेवू ते कळेना. एका बाकावर बसून चहा प्यायला मिळावा म्हणून माझ्या बापानं भावाच्या तोंडी त्याच्या पोराची लाज घातली. आणि चाचांनी त्यावर विश्वाससुद्धा ठेवला नव्हता. बाक भाकरीनं परत आला होता, त्या ओळीची गरजच नव्हती. हे बाबांना त्याच दिवशी कळलं आणि तरी ते बोलले नाहीत. मला मारलं, बोलले नाहीत. मी पत्रामागून पत्र लिहीत होते, पोस्टाची तिकिटं तेच आणून द्यायचे, बोलले नाहीत. सख्खा भाऊ पाय धरून माफी मागत होता आणि ह्या माणसानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला माफ केलं. जाऊ दे रे! मी त्यांना कितीदा तरी मनातल्या मनात विचारलं, की ते तुम्ही कुणाला म्हणालात? मला वापरलंत, बाबा. माझं अक्षरही वापरलंत आणि माझा खरेपणाही.

भाऊंचं मत आजही बरोबर वाटतं, हे मी आधीच सांगितलं. भांडणाऱ्यांच्या मधे शिव्या खाणारा कुणी हवा. फक्त भाऊंना एक ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून सांगितलं नाही. त्या भांडणाऱ्यांची भीतीही पंचाला पोटात घालावी लागते, आणि ती तिथं गेली की तिचं काय होईल याचा भरवसा नसतो.

बाबांच्या कबरीवर दगड बसवायचा होता. काकांनी तिकडून मजकूर पाठवला. वर हिब्रू, खाली मराठीत नाव, वर्षं, आणि शेवटी एक ओळ: भावाचा शब्द जपणारा. मी तो मजकूर पेणच्या कारागिरासाठी कागदावर उतरवून काढला. शेवटची ओळ उतरवली नाही. कारागिरानं विचारलं, "बाई, खाली बरीच जागा ऱ्हातेय, काय कोरू?" मी म्हटलं, "काही नको."

काकांना ते सांगता आलं नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला, ज्याचा मुलगा दुसऱ्या गावी आणि भाऊ मातीत, त्याला मी काय सांगणार होते? दगड बसला त्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "वाच बघू, काय काय कोरलंय." मी नाव वाचलं, वर्षं वाचली. ते म्हणाले, "आणि खाली?"

आता काका नाहीत, म्हणून हे लिहिते. त्यांना चांगलं नव्वदीपार आयुष्य मिळालं. बाबांच्या दिवसाला दर वर्षी त्यांचा फोन यायचा, आणि दर वर्षी ती ओळ ते मला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगायचे. मी दर वर्षी वाचली.